रेंज गेली कुठे? अपडेटनंतर अडखळणारं वायफाय

१. एकाच टेबलावर दोन उत्तरं

"काल रात्री लॅपटॉपनं अपडेट घेतलं आणि सकाळपासून वायफायची एकच दांडी दिसतेय. राउटर तोच, जागा तीच, पासवर्डही तोच. मग रेंज गेली कुठे?" संगणक दुरुस्त करणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. विचारणाऱ्याकडे बहुधा उत्तरही तयार असतं: कंपनीनं अपडेटमधून काहीतरी बिघडवलं. कधी कधी ते अगदी खरं निघतं. कधी मात्र अपडेट आणि बिघाड एकाच दिवशी आले एवढाच त्यांचा संबंध असतो.

अजिंठ्यासारख्या गावात हा प्रश्न गैरसोयीपुरता राहत नाही. जगाला अजिंठा माहीत आहे तो लेण्यांसाठी, आणि ती लेणी घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर आहेत. त्या नावाचं गाव मात्र घाटावर, सिल्लोड तालुक्यात आहे. तिथल्या माणसाला लॅपटॉप लागतो तो सातबारा काढायला, पीक विम्याचा अर्ज भरायला, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीची कागदं चढवायला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज भरून देणाऱ्या दुकानासमोर रांग लागलेली असते, पडद्यावरचं चक्र नुसतंच फिरत असतं आणि रांगेतलं कुणीतरी म्हणतं, "दादा, माझ्या मोबाइलला तर टावर फुल्ल आहे, तुमचाच लॅपटॉप अडलाय!"

हे टोमण्यासारखं वाटतं, पण तपासाची पहिली पायरी यातच आहे. फक्त त्यात एक दुरुस्ती हवी. मोबाइल बहुतेक वेळा सिमकार्डाच्या टॉवरवर चालत असतो. तुलना करायची तर मोबाइलचा डेटा बंद करून तो त्याच वायफायला जोडावा, लॅपटॉपच्या शेजारी त्याच टेबलावर ठेवावा आणि मग दोन्हीकडे एकच पान उघडावं. दोन्ही रडले तर दोष राउटरमध्ये, भिंतीत किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनीत आहे. लॅपटॉपच्या ड्रायव्हरला, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, हात लावण्यात तेव्हा काही अर्थ नाही. मोबाइल पळाला आणि लॅपटॉप रडला, तर मात्र दोष लॅपटॉपच्याच पदरात आहे.

दोन मिनिटांची ही चाचणी टाळून लोक थेट संगणक फॉरमॅट करायला देतात. तेवढा टोकाचा उपाय जवळजवळ कधीच लागत नाही.

२. बारा सेंटिमीटरची लहर आणि हातभर भिंत

लॅपटॉपवर येण्याआधी हवेतून काय येतं ते पाहू. वायफाय म्हणजे रेडिओलहरीच. आकाशवाणी, मोबाइल आणि वायफाय यांत फरक आहे तो लहरीच्या लांबीचा. घरोघरी वापरले जाणारे वायफायचे मुख्य पट्टे दोन: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्यातली लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते, दुसऱ्यातली साधारण सहा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्याच्या अटीतून मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झचा बराचसा भाग २०१८ मध्ये मोकळा झाला. आज कुणीही परवाना न काढता घरात राउटर लावू शकतो ते या निर्णयांमुळे.

दोन्ही पट्ट्यांचे स्वभाव वेगळे. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त, म्हणून वेगही जास्त, पण भिंत ओलांडताना ती लहर लवकर दमते. २.४ मध्ये वेग कमी आणि शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी फार, पण पोहोच लांबची. मधे काहीच अडथळा नसला तरी सारख्या अंतरावर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ च्या साधारण चौथा-पाचवा हिस्साच भरतो.

मराठवाड्यातलं घर या लहरींना सोपं जात नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती काळ्या दगडाच्या, हात-दीड हात जाड. धाब्याच्या घरावर मातीचा जाड थर. नव्या खोल्यांवर लोखंडी पत्रे. दगड आणि माती लहर शोषतात, भिजल्यावर अधिकच शोषतात. पत्रा तर ती परतवूनच लावतो. घाटाखालची लेणी ज्या बेसाल्टात कोरली तो हाच दख्खनचा काळा दगड. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला दिसलेलं दहाव्या क्रमांकाचं लेणं सुमारे तीस मीटर आत गेलेलं आहे. अशा जागी रेडिओलहरीला वाट असते ती फक्त दर्शनी उघड्या बाजूनं.

म्हणून राउटर पुढच्या खोलीत आणि लॅपटॉप दगडी भिंतीमागच्या आतल्या खोलीत असेल, तर तिथे मुळातच काठावरचा सिग्नल पोहोचत असतो. अपडेटपूर्वी लॅपटॉप तो काठ कसाबसा सांभाळत होता. अपडेटनंतर थोडासा फरक पडला आणि काठ सुटला. अशा तक्रारींत अपडेट निर्दोष नसतं, पण भिंतही नसते.

३. दांड्यांवर विश्वास किती ठेवायचा?

दांड्या बघून सिग्नल ओळखणं म्हणजे अंदाजपंचे. दोन दांड्या म्हणजे नेमकं किती हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरं माप असतं डेसिबल-मिलिवॉटमध्ये. ते नेहमी उणे आकड्यात येतं आणि शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ५० म्हणजे भरपूर. उणे ६७ पर्यंत व्हिडिओवरची मीटिंग निभते. उणे ८० ला जोडणी तुटू-सांधू लागते. उणे ९० च्या पुढे हाती काही लागत नाही.

या मापाची एक खोड लक्षात ठेवायला हवी. इथे दर १० ची घसरण म्हणजे ताकद दहा पटींनी कमी. उणे ६० वरून उणे ७० वर आलं की सिग्नल दहावा हिस्सा उरतो, उणे ८० वर आलं की शंभरावा.

विंडोजमध्ये हे पाहायची सोय आहे. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप केली की कार्डाचं नाव, पट्टा, चॅनल, मिळणारा वेग आणि सिग्नलची टक्केवारी समोर येते. टक्केवारीचं गणित मायक्रोसॉफ्टनं ठरवून दिलेलं आहे: उणे १०० म्हणजे शून्य टक्के, उणे ५० म्हणजे शंभर टक्के आणि मधलं सगळं सरळ प्रमाणात. थोडक्यात, टक्क्यांचं निम्मं करून त्यातून १०० वजा करायचे.

एक उदाहरण करून पाहू. अपडेटपूर्वी लॅपटॉप ८० टक्के दाखवत होता. ८० चे निम्मे ४०, त्यातून १०० वजा केले की उणे ६०. आता तो ४० टक्के दाखवतो. ४० चे निम्मे २०, म्हणजे उणे ८०. माणूस म्हणतो, सिग्नल निम्म्यावर आला. प्रत्यक्षात तो शंभराव्या हिश्शावर आलाय. एवढी मोठी पडझड किरकोळ फरकानं होत नाही. अँटेना सुटणं, पट्टा बदलणं किंवा मधे लोखंडी कपाट येणं, असं काहीतरी ठोस कारण शोधावं लागतं.

उलटही घडतं. कार्डाला लहर किती ताकदीची जाणवली हे विंडोजला ड्रायव्हरच कळवतो. नव्या ड्रायव्हरनं मोजण्याची पद्धत बदलली, तर प्रत्यक्षात काही न बिघडता आकडा खाली येतो. म्हणून टक्केवारीबरोबर वेगही नोंदवावा. दांड्या उतरल्या पण वेग होता तोच आहे, तर काळी खिडकी मिटून कामाला लागलेलं बरं.

४. ड्रायव्हर नावाचा गाइड

लेण्यांमध्ये जपानी पाहुण्यांच्या घोळक्यापुढे चालणारा गाइड डोळ्यांसमोर आणावा. पाहुण्यांना मराठी येत नाही, दारावरच्या पहारेकऱ्याला जपानी येत नाही. दोघांचं निभतं ते गाइडमुळे. त्याला दोन्ही भाषा येतात, शिवाय कोणत्या लेण्यात काय आहे, कुठे अंधार आहे, कुठून आत शिरायचं हेही ठाऊक असतं. लॅपटॉपमध्ये विंडोज किंवा लिनक्स ही पाहुणेमंडळी, वायफायचं कार्ड हा पहारेकरी आणि ड्रायव्हर हा गाइड. अपडेट म्हणजे गाइडची बदली. नवा गाइड अधिक शिकलेला असू शकतो, पण त्यानं चित्रांच्या सतराव्या लेण्याऐवजी सातव्याकडे नेलं तर पाहुण्यांना वाटतं की चित्रंच पुसली गेली.

ड्रायव्हर ठरवतो तरी काय? पहिली गोष्ट, कोणत्या पट्ट्याला प्राधान्य द्यायचं. जुना ड्रायव्हर २.४ ला चिकटून होता आणि नव्यानं ५ ला पसंती दिली, तर दगडी भिंतीमागे दांड्या पडणारच. दुसरी, वीज किती वाचवायची. बॅटरीवर असताना कार्डाला मधूनमधून डुलकी घेऊ द्यायची की नाही हे इथे ठरतं. भारनियमनात लाइट गेली, राउटर इन्व्हर्टरवर चालू राहिला आणि लॅपटॉप बॅटरीवर गेला, की नेट अडखळू लागतं. दोष मात्र इन्व्हर्टरला लागतो. चार्जर लावून आणि काढून दोन्ही वेळा वेग मोजला की खरा चोर सापडतो.

तिसरी गोष्ट देशाच्या नियमांची. भारतात २.४ च्या पट्ट्यात १ ते १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे ११ पर्यंतच. नव्या ड्रायव्हरनं लॅपटॉप अमेरिकेत आहे असं धरलं आणि राउटर १२ किंवा १३ वर असला, तर सिग्नल कमी होत नाही, राउटरचं नावच यादीतून नाहीसं होतं. मोबाइलमध्ये ते नाव ठळक दिसत असतं, त्यामुळे माणूस चक्रावतो. उपाय साधा आहे: राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ करायचं.

चौथी गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत असते. कोणत्या अँटेनानं ऐकायचं, हेही ड्रायव्हरच सांगतो.

५. एक तार, दोन टोकं

लॅपटॉपची वायफाय अँटेना दिसत नाही, कारण ती पडद्याच्या कडेत लपवलेली असते. तिथून बारीक तारा बिजागरीतून खाली येतात आणि कार्डावरच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या टोकांना जोडल्या जातात. चांगल्या लॅपटॉपमध्ये अशा दोन तारा असतात. स्वस्त लॅपटॉप बनवताना काही कंपन्यांनी एक तार वाचवली. कार्डावर टोकं दोन, तार एकच.

एका अँटेनावर काम चालतं, त्यात गैर काही नाही. अडचण झाली ती रिअलटेक कंपनीच्या आरटीएल ८७२३ बीई या कार्डाची. कोणत्या टोकाला अँटेना आहे ही माहिती कार्डाच्या आतल्या छोट्या स्मृतीत कारखान्यातच लिहून ठेवलेली असते. बऱ्याच लॅपटॉपांत तार एका टोकाला लावलेली होती आणि नोंद दुसऱ्या टोकाची होती. लिनक्सचा ड्रायव्हर प्रामाणिकपणे नोंद वाचायचा आणि तार नसलेल्या टोकानं ऐकायचा. राउटर हातभर अंतरावर असला तरच सिग्नल यायचा. खोली बदलली की गायब.

लॅपटॉप उघडून तार दुसऱ्या टोकाला लावली की भागलं असतं. पण त्यानं वॉरंटी जाण्याची भीती होती. शिवाय त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल तर ते बिघडलं असतं. मग लिनक्ससाठी या कार्डांचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं सांभाळणारे लॅरी फिंगर यांनी २०१६ मध्ये ड्रायव्हरमध्येच एक कळ बसवली. वापरणाऱ्यानं एका ओळीत सांगायचं की पहिलं टोक वापर किंवा दुसरं. कुठलाही स्क्रू न उघडता मेलेली रेंज जिवंत झाली.

इथे या प्रकरणाचा मूळ प्रश्न परत येतो, कारण पुढच्या अपडेटनं तीच कळ निकामी केली. या कार्डावर वायफाय आणि ब्लूटूथ शेजारी राहतात, एकच अँटेना वाटून घेतात. दोघांचं जमावं म्हणून ड्रायव्हरमध्ये बदल करताना अँटेनाची निवड तपासण्याची एक जागा सुटली. ज्यांनी कळ वापरून रेंज मिळवली होती त्यांची रेंज अपडेटनंतर पुन्हा गेली, आणि ती चूक २०१८ मध्ये दुरुस्त झाली. त्याच वर्षी याच कार्डाची आणखी एक तक्रार निकालात निघाली: वीज वाचवण्याच्या नादात सिग्नल हरवत होता आणि एका आकड्याच्या बदलानं तो स्थिरावला. लॅरी फिंगर २०२४ मध्ये गेले. जगभरातल्या कितीतरी स्वस्त लॅपटॉपांचं वायफाय त्यांनी घरी बसून मार्गी लावलं, आणि ते वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्यांचं नावही माहीत नाही.

६. मोठ्या कंपन्यांचंही चुकतं

डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या मासिक अपडेटनंतर अनेक विद्यापीठांतल्या आणि कार्यालयांतल्या लॅपटॉपांचं वायफाय बंद पडू लागलं. घरगुती राउटरवर तेच लॅपटॉप ठीक चालत. एका राउटरकडून दुसऱ्याकडे झटकन जाण्याची जी सोय मोठ्या आवारांत वापरतात, तिच्याशी अपडेटचा खटका उडाला होता. मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य केली आणि आठवड्याभरात तो बदल मागे घेतला.

२०१९ ची गोष्ट उलट आहे. विंडोज १० ची नवी आवृत्ती घेतल्यावर काही जुन्या संगणकांचं वायफाय मधूनच तुटत होतं. तिथे दोषी निघाला क्वालकॉमचा जुना ड्रायव्हर. मागे जाऊन उपयोग नव्हता, संगणक बनवणाऱ्या कंपनीकडून नवा ड्रायव्हर घ्यावा लागला.

म्हणून 'जुनं ते सोनं' किंवा 'नवं तेच चांगलं' यांपैकी कोणतंही एक धरून बसलं की पंचाईत होते.

७. मागे कसं यायचं

आता प्रत्यक्ष काम. इथे एकच नियम पाळायचा: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच टेबलावर, त्याच आज्ञेनं पुन्हा मोजणी. पाच गोष्टी एकदम बदलून वायफाय सुधारलं, तर कशानं सुधारलं हे कळत नाही आणि पुढच्या खेपेला पाचही पुन्हा कराव्या लागतात.

सुरुवातीला मोबाइलची चार्जिंगची केबल हाताशी ठेवावी. केबलनं मोबाइल लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं की वायफाय पूर्ण मेलं तरी इंटरनेट मिळतं. ड्रायव्हर काढून बसलेल्या आणि नवा उतरवायला नेटच नसलेल्या माणसाची अवस्था फार केविलवाणी असते.

मग लॅपटॉप रीस्टार्ट करावा. बंद करून चालू करू नये, रीस्टार्टच करावा. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची एक सोय असते, तिच्यामुळे बंद केलेला लॅपटॉप पुरता बंद होत नाही, अर्धवट स्थिती साठवून ठेवतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. अपडेटनंतरचे कितीतरी रुसवे इथेच संपतात.

तेवढ्यानं भागलं नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडावा, नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्सखाली वायफाय कार्डाचं नाव शोधून त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जावं. ड्रायव्हरच्या पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते, ती कागदावर उतरवून घ्यावी. पॉवर मॅनेजमेंटचं पान दिसत असेल तर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी काढून घ्यावी आणि मोजावं. मग अ‍ॅडव्हान्स्डच्या पानावर पसंतीचा पट्टा पाहावा. दगडी भिंतीमागे बसणाऱ्यानं तो २.४ करून मोजावं.

फरक पडला नाही की ड्रायव्हरच्या पानावर परत येऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबावं. विंडोजनं आधीचा ड्रायव्हर जपून ठेवलेला असतो, तो परत येतो. हे बटण फिकट दिसत असेल तर आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही. तेव्हा 'अपडेट ड्रायव्हर' मधून संगणकावरच्या यादीतून निवडायचा पर्याय घ्यावा. तिथे बहुधा एकाहून जास्त आवृत्त्या दिसतात, त्यांतली जुनी निवडून पाहावी.

तिथेही काही नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर जावं आणि नेमकं मॉडेल टाकून वायफायचा ड्रायव्हर उतरवावा. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरपेक्षा लॅपटॉपच्या कंपनीचा आधी घ्यावा, कारण अँटेना कुठे आणि किती बसवल्यात हे तिलाच ठाऊक असतं. इंटरनेटवरच्या शोधात पंचविसाव्या पानावर सापडलेलं, सगळे ड्रायव्हर फुकट सुधारून देण्याचं वचन देणारं सॉफ्टवेअर मात्र अजिबात बसवू नये. त्यातली बरीचशी जाहिराती लादतात, काही तर भलताच ड्रायव्हर बसवून मोकळी होतात.

जुना ड्रायव्हर नीट चालला तर लगेच आणखी एक काम उरतं. विंडोज अपडेट काही दिवस थांबवून ठेवावं, नाहीतर नको असलेला ड्रायव्हर दोन दिवसांनी पुन्हा हजर होतो. पण अपडेट कायमचं बंद करू नये. त्यातूनच सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात आणि बँकेची, आधारची कामं करणाऱ्या लॅपटॉपला त्या लागतातच.

लिनक्सवाल्यांचं काम सोपं आहे. संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीत आधीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडायचा. त्यात रेंज परतली तर दोष नव्या कर्नलमधल्या ड्रायव्हरचा, हे दोन मिनिटांत सिद्ध होतं.

नेटवर्क रीसेट हा उपाय अगदी शेवटी ठेवावा. त्यानं सगळ्या वायफायचे जतन केलेले पासवर्ड पुसले जातात.

८. ड्रायव्हर निर्दोष ठरला तर

जुना झाला, नवा झाला, रेंज जैसे थे. मग ड्रायव्हरला सोडून द्यावं.

खात्री करायची असेल तर एक नामी चाचणी आहे. पेनड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा, काही बसवायचं नाही, नुसतं वायफाय जोडून पाहायचं. इथला ड्रायव्हर विंडोजच्या ड्रायव्हरहून पूर्ण वेगळा असतो. त्याच टेबलावर इथेही सिग्नल तितकाच पडका असेल, तर दोष बहुधा लोखंड-तांब्यात आहे. पडदा हळूहळू मागेपुढे करावा. त्यानं सिग्नल वरखाली झाला तर बिजागरीत तार दबलेली किंवा तुटत आलेली आहे. लॅपटॉप राउटरपासून हाताच्या अंतरावर ठेवूनही टक्केवारी ५०-६० च्या वर जात नसेल, तर तार टोकावरून निसटलेली असण्याची शक्यता दाट. नुकताच पंखा साफ करायला किंवा रॅम वाढवायला लॅपटॉप उघडला गेला असेल तर पहिला संशय यावरच घ्यावा. कारागिराला नेमकं हेच सांगितलं तर तो मदरबोर्ड बदलायचा खर्च सांगणार नाही.

आणखी एक छुपा उपद्रव शेजारीच बसलेला असतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह चालू असताना त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर लेखन प्रसिद्ध केलं होतं. असा गोंगाट किती महाग पडतो हे जाणून घ्यायचं तर नारायणगावजवळच्या खोडदला जावं. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशांच्या जीएमआरटी दुर्बिणीला अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपायचे असतात, आणि माणसांच्या यंत्रांतून निघणारी रेडिओलहर ही तिथल्या शास्त्रज्ञांची कायमची डोकेदुखी आहे. लॅपटॉपपुरता उपाय सोपा आहे: हार्ड डिस्क छोट्या केबलनं दूर ठेवावी किंवा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावं.

राउटरची जागाही एकदा तटस्थपणे पाहावी. तो लोखंडी कपाटावर, टीव्हीमागे किंवा पाण्याच्या टाकीशेजारी असेल तर हलवावा. उंचावर, मोकळा आणि शक्यतो आतल्या खोलीच्या दारासमोर ठेवावा. लहर दगडातून जाण्यापेक्षा दारातून जाणं पसंत करते. फारच अडलं तर काहीशे रुपयांचा यूएसबी वायफाय डोंगल लावून त्या दिवसाचे अर्ज भरून टाकावेत. दुरुस्ती सावकाश करता येते, पीक विम्याची मुदत सावकाश येत नाही.

९. प्रत वेगळ्या जागी

चालत्या ड्रायव्हरची प्रत जपणं हे काम कुणी करत नाही, कारण ज्या दिवशी ते करायचं त्या दिवशी सगळं नीट चाललेलं असतं.

प्रतींच्या बाबतीत अजिंठ्यानं मोठा फटका सोसलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करायचं काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याकडे दिलं. तो अजिंठा गावातच राहिला आणि त्यानं वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर ती चित्रं उतरवली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या त्या प्रती १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेच काम पुन्हा हाती घेतलं. त्यांच्याही बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच लागलेल्या आगीत गेल्या. दोन्ही वेळा प्रती काढलेल्या होत्या, पण एकाच छपराखाली ठेवलेल्या होत्या.

तेव्हा वायफाय चांगलं चालत असेल त्याच दिवशी डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हरचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. नेहमीच्या टेबलावरची सिग्नलची टक्केवारी आणि वेगही शेजारी लिहावा. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच आवृत्तीची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत न टाकता घरातल्या दुसऱ्या कपाटात ठेवावा.